पंचविसाव्या हिश्श्यातला ट्रक

शंकेखोर : तू जो ट्रक बांधतो आहेस तो तू कधी चालवला नाहीस, त्याच्या केबिनमध्ये बसला नाहीस, रस्त्यावर धावताना पाहिलाही नाहीस. पीटरबिल्ट ३५९. लांबलचक नाक, दोन्ही बाजूंना उभे सायलेन्सर, पुढे क्रोमचा भलाथोरला बंपर. १९६७ ते १९८७ ही वीस वर्षं हे मॉडेल अमेरिकेत तयार होत होतं, आणि आपल्या रस्त्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याचं प्लास्टिकचं किट तू बाहेरून मागवतोस, कस्टमला पैसे मोजतोस, आणि मग महिनोन्महिने कापणं, घासणं, रंगवणं. छंदाला माझी हरकत नाही. वेळ तुझा, पैसा तुझा, आणि रंगाचा वास सहन करणारे घरचेही तुझेच. पण याला तू ‘अभ्यास’ म्हणतोस तिथं मी अडतो. लढाऊ विमानाचं मॉडेल करणारा निदान एका खऱ्या विमानाशी बांधलेला असतो. अमुक स्क्वाड्रन, अमुक वैमानिक, शेपटीवरचा अमुक क्रमांक. तू किटमधली चेसिस लांब करतोस, मागची झोपायची केबिन बदलतोस, दिव्यांची ओळ वाढवतोस, मनाला येईल तो रंग देतोस. असा ट्रक कुठंच नव्हता. जो नव्हताच, त्याची हुबेहूब प्रतिकृती म्हणजे काय?

छांदिष्ट : प्रश्न चांगला आहे, पण तो मोटारींच्या जगातला आहे. मोटार शोरूममधून निघते तेव्हा तिच्यासारख्या हजारो असतात. अमेरिकेतला मोठा ट्रक तसा विकला जात नाही. घेणारा आधी ठरवतो की इंजिन कमिन्सचं हवं, कॅटरपिलरचं हवं की डेट्रॉइटचं. मग गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, दोन चाकांमधलं अंतर, केबिनमागं झोपायला किती जागा. ही यादी भरून दिली की त्याप्रमाणे ट्रक जुळवला जातो. त्यातही जो स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर असतो, तो गाडी ताब्यात आल्यावर पुन्हा हात घालतो. बंपर बदलतो, काचेवर झापड लावतो, टाक्यांना पॉलिश करतो, कडेनं पिवळ्या दिव्यांची माळ लावतो. त्यामुळं एकसारखे दोन ३५९ शेजारी उभे दिसणं हीच दुर्मिळ गोष्ट. खोक्यावर छापलेला, ‘कंपनीतून आला तसा’ ट्रक मला जास्त काल्पनिक वाटतो. आणि हे तुला नवीन वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही वर्षानुवर्षं कंपनी चेसिस आणि पुढचा सांगाडा देत आली, बॉडी बांधायची ती नामक्कलसारख्या गावातल्या सुतार-वेल्डरांनी. ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंदी घातली. जवळजवळ प्रत्येक ट्रकच्या पाठीवर असलेले ते शब्द कुठल्याही कारखान्यातून आलेले नव्हते. ट्रक हा मालकानं पुरा केलेला असतो. मग मी किट बदलतो तेव्हा मूळ वस्तूपासून दूर जातो, की तिच्या रीतीच्या जवळ?

शंकेखोर : यातून त्या मालकाचा हक्क सिद्ध झाला, तुझा नाही. त्यानं दोन चाकांमधलं अंतर वाढवलं तेव्हा गाडी लांब आणि दिमाखदार दिसली, पण वळायला जागा जास्त लागू लागली, वजन वाढलं, तेवढा माल कमी भरता आला. त्यानं क्रोम लावलं ते कर्ज काढून. प्रत्येक हौसेचं बिल त्याच्या नावावर फाटत होतं. तू प्लास्टिकची पट्टी जोडून चेसिस तीन सेंटिमीटर वाढवलीस तर तुझं काय जातं? जिथं चुकीची शिक्षा नाही तिथं बरोबर-चूक कुठून येणार?

छांदिष्ट : दिवाळीतला किल्ला आठव. अंगणातल्या मातीच्या ढिगाला पोरं राजगड म्हणतात, कधी कुठलंच नाव देत नाहीत. तरी शेजारचा मोठा मुलगा येऊन सांगतो की दरवाजा असा उघड्यावर नसतो, तो बुरुजाआड लपलेला असतो. आणि वर पाण्याचं टाकं नाही, मग शिबंदी प्यायची काय? तो किल्ला कधीच अस्तित्वात नव्हता, पण त्यात चुका असू शकतात. माझ्या ट्रकचं तसंच आहे. अमेरिकेतल्या आंतरराज्य रस्त्यांवर ट्रक, ट्रेलर आणि माल धरून ८०,००० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण ३६ टन. ढोबळ वाटणी अशी: पुढच्या अ‍ॅक्सलवर १२,०००, घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या, मागच्या जोडीवर ३४,०००, ट्रेलरच्या जोडीवर ३४,०००. त्यावर १९७५ पासून पुलांचं एक सूत्र आहे. चाकं जितकी जवळ, तितकं वजन पुलाच्या थोड्या भागावर एकवटतं, म्हणून तितका कमी माल. तेव्हा अ‍ॅक्सल कुठं येणार हे माझी आवड ठरवत नाही, कुठल्यातरी नदीवरचा पूल ठरवतो. दिसायला बरं म्हणून मी तिसरा अ‍ॅक्सल कुठंही लोंबकळत ठेवला, तर जाणकार हसतो. बिल माझ्या नावावर फाटत नाही हे खरं. पण तेवढ्यानं चूक ही चूक राहत नाही असं कसं म्हणतोस?

शंकेखोर : वजनाचं राहू दे, ते कुणी तराजूत घालणार नाही. दिसणाऱ्या गोष्टीचं सांग. ज्यात तुझ्या कल्पनेला वाव आहे, आणि तरी जी सपशेल चुकू शकते, अशी एक गोष्ट.

छांदिष्ट : इंजिन. मोटारींची मॉडेल्स करणारे ट्रककडे वळतात तेव्हा सवयीनं स्पार्क प्लगच्या वायरी ओढायला घेतात. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, तिथं हवा दाबली जाऊन इतकी तापते की इंधन आपसूक पेटतं. बरं, वायरी नाहीत म्हणून कुणी डिझेल पंपापासून सहा सिलिंडरांना सहा बारीक नळ्या काढतो. त्या काळच्या ३४०६ या कॅटरपिलर इंजिनाला हे शोभतं, कारण त्यात पंप खरोखरच अशा नळ्यांतून जोराच्या दाबानं इंधन पाठवतो. त्याच काळातल्या मोठ्या कमिन्सला तशा नळ्या नाहीत. तिथं इंधन कमी दाबानं हेडमधल्या छिद्रांतून जातं आणि दाब इंजेक्टरपाशी तयार होतो. म्हणजे मी झाकणावर कमिन्सचं नाव चिकटवलं आणि शेजारी सहा नळ्या ओढल्या, की माझा ट्रक खोटं बोलला. रंग कुठला, मालक कोण, दारावर कुणाचं नाव, हे सगळं मी मनानं रचलेलं चालतं. या नळ्या रचलेल्या चालत नाहीत.

ट्रेलरचंही घे. २५ पटीनं लहान केला तर ४५ फुटी ट्रेलर ५५ सेंटिमीटर भरतो, ५३ फुटी भरतो जवळपास ६५. शेल्फवर ५३ फुटी झकास दिसतो. पण १९७५ सालची गाडी म्हणून दाखवायची तर तो मागं लावता येत नाही, एवढे लांब ट्रेलर रूढ झाले ते पुढं. तोच जुना ट्रक आज कुणी डागडुजी करून चालवतो आहे असं दाखवलं तर ५३ फुटी चालेल, मात्र मग टायर आजचे हवेत. एक भाग बदलला की दुसरा उत्तर मागतो. यालाच मी अभ्यास म्हणतो.

शंकेखोर : हे मान्य. तू रचलेल्या ट्रकला आतून एक शिस्त असते, आणि ती मोडली की कळतं. माझी पहिली शंका मागं घेतो. पण आता दुसरी जास्त जड होते. ही सगळी शिस्त लोखंडाची आहे. नळी कुठून कुठं जाते, पूल किती सोसतो. आणि एवढी चोख शिस्त तू कशासाठी राबवतोस? शेवटी चकाकण्यासाठी.

छांदिष्ट : चकाकी किती कष्टाची असते ते तरी ऐक. किटमधले क्रोमचे भाग मुलामा देऊनच येतात. पाहताक्षणी डोळे दिपतात, आणि नेमके तेच भाग सगळ्यात खोटे असतात. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची रेघ मुलाम्याखालून पुसटशी वर येते. चौकटीतून भाग कापून काढला की तिथं पांढऱ्या प्लास्टिकचा ठिपका उघडा पडतो. डिझेलची टाकी दोन तुकड्यांत येते. जोडली की मधोमध सांधा, आणि खऱ्या टाकीला तिथं सांधा नसतो. म्हणून आधी तो सगळा मुलामा उतरवायचा. घरात कपड्यांसाठी ठेवतो त्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की क्रोम सुटतं आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं. मग सांधा लुकणानं भरायचा, पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, त्यावर चकचकीत काळा रंग, तो पूर्ण वाळला की धातूच्या रंगाचा अगदी पातळ फवारा. काळा कशाला, तर खालचा पृष्ठभाग आरशासारखा नसेल तर वरचं रुपेरी रुपेरी दिसत नाही, करडं दिसतं. आणि पातळ कशाला, तर एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या ट्रकवर अडीच मिलिमीटरचा होईल. एवढ्या जाड रंगात रिव्हेट बुडतात, दाराची फट बुजते. चकाकायचं म्हणून कुणी एवढं करत नाही. टाकी पत्र्याची वाटावी म्हणून करतो.

(छांदिष्ट माणसं हरकतीला कृतीनं उत्तर देतात. विचारलं ‘कशासाठी’, सांगतात ‘कसं’. पण या खेपेला ‘कसं’ ऐकण्यासारखं होतं म्हणून गाळलं नाही.)

शंकेखोर : आणि एवढं करून झाल्यावर तुझ्यातलेच काही जण त्याच टाकीवर धूळ आणि गंज रंगवतात. ब्रशनं चिखल उडवतात, सायलेन्सरवर काजळी फासतात. मला तर चकाकीपेक्षा हे जास्त खटकतं. चकाकी निदान म्हणते की मी दिखाऊ आहे. रंगवलेला मळ म्हणतो की मी राबलो आहे. आणि तो तर राबलेला नाही.

छांदिष्ट : मळ कुठंही फासला तर तू म्हणतोस तसंच होईल. पण मळालाही कारण असतं. घोड्याच्या पाठीवर जी मोठी तबकडी असते, ट्रेलर जिच्यावर टेकतो आणि वळतो, ती ग्रीसनं काळी असणारच. रोज पुसून ठेवणाऱ्या हौशी मालकाची गाडीसुद्धा कामाला असेल तर तिथं स्वच्छ नसते. टाकीच्या तोंडाखाली डिझेलचा ओघळ येतो. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा पांढुरका थर खालच्या अंगाला चढतो, छतावर नाही. केबिनमागं हवेचे दोन पाइप असतात, ब्रेकचा लाल आणि निळा, शिवाय विजेची केबल. वळताना ताण पडू नये म्हणून ते सैल सोडलेले असतात आणि खाली घासू नयेत म्हणून स्प्रिंगनं उचलून धरलेले. ते ताठ लावलेस, तर पहिल्याच वळणाला ताणून निखळतील. हा ट्रक काम करतो हे मला या गोष्टींतून दाखवायचं असतं.

शंकेखोर : ट्रक काम करतो. हे वाक्य तू सहज बोललास. ट्रक काम करत नाही रे, माणूस करतो, आणि तुझ्या सगळ्या शिस्तीत तो माणूसच नाही. जरा काळ बघ. या किटांचा बहराचा काळ म्हणजे १९७० चं दशक. दोन ट्रकवाल्यांची ‘मूव्हिन ऑन’ ही मालिका १९७४ ते ७६. ‘कॉन्व्हॉय’ गाणं १९७५ चं, त्यावरून निघालेला सॅम पेकिनपाचा सिनेमा १९७८ चा. मध्ये १९७७ ला ‘स्मोकी अँड द बँडिट’. ड्रायव्हर म्हणजे हमरस्त्यावरचा काउबॉय, वायरलेसवर गप्पा मारणारा, पोलिसांना चकवणारा मोकळा गडी. ती प्रतिमा खोक्यात भरून पोरांना विकली गेली. प्रत्यक्षात काय चाललं होतं? डिसेंबर १९७३ मध्ये तेलटंचाईत डिझेलचे भाव भडकले, वेगावर मर्यादा येऊ घातल्या, आणि याच मालक-ड्रायव्हरांनी ट्रक आडवे लावून महामार्ग अडवले. त्यांचा मोकळेपणा तेव्हाच हप्त्यांत अडकलेला होता. पुढं १९८० मध्ये कार्टर सरकारनं मालवाहतुकीवरची नियंत्रणं उठवली. ग्राहकाला भाडं स्वस्त झालं, स्पर्धा वाढली, ड्रायव्हरची कमाई घसरत गेली. मायकेल बेल्झर या अर्थशास्त्रज्ञानं २००० साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकातच ट्रकला चाकांवरचा घामाचा कारखाना म्हटलं. ड्रायव्हरला पैसे मिळतात बहुधा मैलावर. गोदामाच्या दारात माल उतरायची वाट बघत चार तास गेले तर ते बऱ्याचदा त्याच्याच खिशातून जातात. जुन्याच साच्यांतून ती किटं आजही पुन्हा पुन्हा निघतात. पडायच्या आदल्या दिवशीचा वीर, वर्षानुवर्षं तस्साच. ज्याचं जळतं त्याला कळतं. तू फक्त काजळी कुठं बसते एवढं शिकलास.

छांदिष्ट : यातलं बरंचसं मला ठाऊक आहे, आणि कसं ठाऊक झालं तेही सांगतो. माझ्याकडं दोन किटं होती, एक लांब नाकाचं, एक सपाट तोंडाचं, ज्यात ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावर बसतो. मला वाटायचं की ही फॅशन असेल. दोन्ही शेजारी ठेवून मापं घेतली तेव्हा लक्षात आलं की तोंड सपाट केल्यानं जेवढी लांबी वाचते तेवढा ट्रेलर लांब होऊ शकतो. मग कायदा शोधत गेलो. राज्याराज्यांनी ट्रक-ट्रेलरच्या एकूण लांबीवर मर्यादा घातली होती, म्हणून नाक कापलं गेलं होतं. १९८२ च्या कायद्यानं मुख्य महामार्गांवर एकूण लांबीचं बंधन काढलं, फक्त ट्रेलर मोजायचा असं ठरलं, आणि सपाट तोंडाचे ट्रक अमेरिकेतून जवळजवळ गेले. ड्रायव्हर इंजिनावरून उतरून इंजिनामागं बसला. आवाज कमी, धक्के कमी, चढायला सोपं. त्याच्या पाठीचं दुखणं कमी-जास्त होणं एका मोजपट्टीवर ठरलं होतं. हे मला पुस्तकानं सांगितलं हे खरं, पण पुस्तकापर्यंत प्लास्टिकनं नेलं.

शंकेखोर : मग हे प्लास्टिक तुला पुणे-सोलापूर रस्त्यापर्यंत का नेत नाही? तिथं टाटा आहेत, लेलँड आहेत. ड्रायव्हर ढाब्यावर भेटेल, दुखणं काय ते तोंडानं सांगेल. हजारो मैलांवरचा कायदा शोधण्यापेक्षा ते सोपं.

छांदिष्ट : त्या ट्रकांचं किट नाही. सबंध केबिन प्लास्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून घडवावी लागेल. टाटा-मर्सिडीजच्या जुन्या गोल नाकाचे बाक हातानं काढणं म्हणजे माझ्या वकुबाबाहेरचं काम. जमेल त्या दिवशी करीन. आणि आणखी एक, तुला पटणार नाही. रोज समोर दिसणाऱ्या ट्रकबद्दल मला सगळं कळतं असं मी धरून चालतो, म्हणून बघतच नाही. लांबच्या वस्तूत प्रत्येक नळी विचारावी लागते.

शंकेखोर : सोयीचं उत्तर आहे. लांबचा ड्रायव्हर उलट प्रश्न करत नाही, हीही सोयच.

छांदिष्ट : करतो ना. अमेरिकेत हे ट्रक बांधणाऱ्यांत ड्रायव्हर आहेत, ड्रायव्हरांची मुलं आहेत. बापाचा ट्रक जुन्या फोटोवरून करतात. दारावरचं कंपनीचं नाव, बंपरला बसलेला पोचा, सगळं तसंच. त्यांना जाऊन सांग की ही सिनेमावाल्यांची प्रतिमा आहे म्हणून.

शंकेखोर : त्यांना नाही सांगणार. त्यांच्या ट्रकमध्ये माणूस आहे, तो त्यांना दिसतो. मी तुझ्याबद्दल बोलतोय. तूच किल्ल्याची गोष्ट काढलीस ना? त्या किल्ल्यावर पोरं मावळे ठेवतात. दरवाज्यात पहारेकरी, खाली वाण्याचं दुकान, विहिरीवर बाई. मापं सगळी गंडलेली, मावळा बुरुजाएवढा. तरी तिथं कुणीतरी राहतं. तुमच्या ट्रकांत स्टिअरिंगमागं कोणीच का नसतं?

छांदिष्ट : कारण तो बसवला की ट्रक खेळणं होतो. या मापात माणूस सात सेंटिमीटरचा. त्याचा चेहरा कितीही रंगवला तरी बाहुलीचाच राहतो आणि बाकी सगळ्याचा खरेपणा घालवतो. म्हणून मी तो त्याच्या वस्तूंतून दाखवतो. सीटची डावी कड झिजलेली, कारण चढता-उतरता तिथंच घासतं. डॅशबोर्डवर तासांची नोंदवही, चहाचा थर्मास, मागच्या बिछान्यावर सुरकुतलेली चादर.

शंकेखोर : ही नोंदवहीच घे. २०१७ च्या डिसेंबरात तिच्या जागी यंत्र आलं. चौदा तासांच्या खिडकीत अकरा तास गाडी चालवायची, आणि घड्याळ ड्रायव्हरच्या हातात नाही. तू वही ठेवलीस, वस्तू म्हणून बिनचूक. पण वहीत खोटे तास भरणारा, कारण खरे लिहिले तर हप्ता भागत नाही, तो त्या वहीतून कसा दिसणार? ट्रेलरची लांबी तू २५ नं भागलीस. गोदामाच्या दारातले ते चार तास कशानं भागणार आहेस?

छांदिष्ट : नाही भागता येत. माझेही तास जातात यात, पण ते मी आनंदानं घालवतो, तेव्हा ती बरोबरी करणार नाही. मात्र तुझ्या बोलण्यातून एक ट्रक मला दिसायला लागलाय. कंपनीचा, पांढरा, एकही जादा दिवा नसलेला. दर आठवड्याला पगारातून हप्ता कापून घेऊन ड्रायव्हरच्या गळ्यात मारलेला. क्रोम नाही, चित्र नाही, दारावर दुसऱ्याचं नाव. गोदामाच्या धक्क्याला मागची दारं लावून इंजिन बंद करून उभा. बदल करायला वाव आहे तो फक्त केबिनच्या आत, जिथं कंपनीचा माणूस बघत नाही. असं किट माझ्या हाती कधी आलं नाही. चांगल्या किटचं सगळं क्रोम उतरवून तो बांधावा लागेल.

शंकेखोर : बांध. पण शेल्फवर पुढे कोण असेल?

छांदिष्ट : पुढं ३५९ च. माणसं जवळ येतात ती क्रोमसाठी. जवळ आली की मागचा दिसेल.

शंकेखोर : आणि जो क्रोम बघूनच परत फिरेल त्याचं काय?

छांदिष्ट : त्याच्यापुरतं तुझं म्हणणं बरोबर आहे. आणि असे जास्त असतात, हेही मला माहीत आहे.